इटलीशी आपलं नेमकं काय आहे? टॉर्पेडो, चप्पल आणि मच्छेचं मशीनशॉप

निपाणीच्या एका तरुणाने विचारलंय: "काका, भारत-इटली संबंधांत खरोखर काही आहे, की सगळं नेत्यांच्या सेल्फीपुरतंच? आमच्या पिढीला आठवतं ते हेलिकॉप्टरचं प्रकरण, केरळचे मच्छीमार मारणारे ते दोन सैनिक आणि परवाची प्राडाची चप्पल. बाबांचं मच्छेला मशीनशॉप आहे. एका इटालियन कंपनीची चौकशी आलीय. उद्या दोन सरकारांचं पुन्हा बिनसलं तर आमचे पैसे बुडतील का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. सरकारांचं बिनसलं म्हणून बुडणार नाहीत. बुडायची दुसरी कारणं आहेत, त्यांच्याकडे नंतर येतो. मी बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे भागातल्या कारखान्यांची निर्यातीची कागदं करतो. शिपिंग बिल, मालाच्या मूळ देशाचा दाखला, बँकेची देवघेव, ईसीजीसी या सरकारी कंपनीचा निर्यात-उधारीचा विमा, हेच माझं रोजचं काम. २०१२ ते २०१६ या काळात दिल्ली आणि रोम यांच्यात धड बोलणं नव्हतं. तेव्हाही आपल्याकडची कास्टिंग न्हावा शेव्याहून जेनोवाला, ला स्पेत्सियाला जात होती आणि तिकडची यंत्रं इकडे येत होती. त्या वर्षांत व्यापार थोडा उतरला होता हे खरं, पण तो युरोपातल्या कर्जसंकटाचा मार होता. त्यात २०१३ मध्ये रुपयाही घसरला. "तुमच्या सरकारने आमची माणसं अडकवून ठेवलीत, सबब ऑर्डर रद्द" असं एकाही इटालियन खरेदीदाराचं पत्र माझ्या टेबलावर आलं नाही.

इतकी वर्षं हे बघून माझं मत असं बनलंय की लांबच्या दोन देशांचं भांडण कुणाला लागतं, ते गिऱ्हाईक कोण आहे यावर ठरतं. खासगी गिऱ्हाईक भाव, माल आणि तारीख बघतं. गिऱ्हाईक सरकार असेल तर एखादी चौकशी, कोर्टाची एखादी तारीख आणि संसदेतला गोंधळ एवढ्याने फाइल दहा वर्षं कपाटात जाते. याचं इटलीइतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं दिसत नाही, म्हणून जरा तपशिलात जातो.

मोदी आणि इटलीच्या पंतप्रधान मेलोनी यांची ती सेल्फी डिसेंबर २०२३ ची. आपल्या भागाचा इटलीशी संबंध त्याच्या ऐंशी वर्षं आधीचा आहे आणि तो बंदुकीचा आहे. बेळगावच्या कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, ते तुला सांगायला नको. तेव्हा तिचं नाव पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. मार्च १९४१ मध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांत तिची तिसरी पलटण इटालियन फौजेशीच लढत होती. त्या आफ्रिकेतल्या लढायांत पकडलेले हजारो इटालियन कैदी नंतर हिंदुस्थानात ठेवले होते, त्यांची एक मोठी छावणी आपल्या बेंगळूरलाच होती. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करली. पुढची लढाई इटलीच्या मातीवर, पण जर्मनांशी झाली. भारताच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या डिव्हिजन तिथे होत्या. पन्नास हजारांवर जवान लढले, ५,७८२ परत आले नाहीत. इटलीच्या मोहिमेत वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले. त्यातले सहा भारतीय फौजेला मिळाले आणि त्या सहांपैकी दोन आपल्या या रेजिमेंटला.

त्यातले एक यशवंत घाडगे, रायगड जिल्ह्यातल्या पळसगावचे. १० जुलै १९४४, टायबर नदीचं वरचं खोरं. त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला आणि नाईक घाडगे सोडून सगळे पडले, कुणी मेले, कुणी जखमी. घाडगे एकटे त्या मोर्चावर धावून गेले. ग्रेनेड टाकून मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना मारलं आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तिथेच पडले. जुलै २०२३ मध्ये मोंतोने या गावात त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं.

दुसरे नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातल्या निमजचे. ९ एप्रिल १९४५, सेनियो नदी. पूर अडवायला दोन्ही काठांवर उंच बांध घातलेली ही नदी. बांधात जर्मनांचे मोर्चे आणि आसपास सुरुंग. जाधव कंपनीचे रनर होते, म्हणजे निरोप्या. सोबतचे बहुतेक पडले. जाधवांनी दोन जखमींना खोल पाण्यातून, बांध चढून, सुरुंगांतून पाठीमागे पोहोचवलं, ते पुन्हा पुढे गेले आणि तीन मशीनगनचे मोर्चे त्यांनी गप्प केले. हाताला गोळी लागल्यावर बंदूक चालवता येईना, तर ग्रेनेड फेकत राहिले. शेवटी बांधाच्या माथ्यावर चढून मराठ्यांची गर्जना देत त्यांनी मागच्यांना बोलावलं.

आता ही नदी कुठे आहे बघ. एमिलिया-रोमान्यात, बोलोन्यापासून फार लांब नाही. बोलोन्या, मोदेना, रेज्जो एमिलिया हा सगळा पट्टा आज हायड्रॉलिक पंप, व्हॉल्व्ह आणि पॅकिंग यंत्रांसाठी जगभर ओळखला जातो. बेळगावचं नावही उद्योगात हायड्रॉलिक्समुळेच आहे. तुझ्या बाबांना आलेली चौकशी त्याच पट्ट्यातली असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. घाडगे-जाधवांच्या पराक्रमामुळे तुम्हाला ऑर्डर मिळेल असं मात्र समजू नकोस. भाषणात हा पूल बांधायला छान दिसतो, कोटेशनमध्ये त्याला रकाना नसतो.

स्वातंत्र्यानंतरची तीन-चार दशकं तर फारशा गाजावाजाशिवाय गेली. राजनैतिक संबंध १९४७ पासूनचे. पण इटली आपल्याकडे आली ती चाकांवर. कुर्ल्यात फियाटच्या परवान्यावर बनलेली पद्मिनी, पुण्यात पियाज्योच्या परवान्यावर बजाजची व्हेस्पा, नंतर बारामतीला पियाज्योचा स्वतःचा कारखाना. खानापूर-नंदगडच्या रस्त्यावर माणसं कोंबून धावणारी आपे रिक्षा तिथलीच. नौदलातही इटालियन माल होता आणि आहे. आपल्या अनेक युद्धनौकांच्या पुढल्या डेकवर ७६ मिलिमीटरची तोफ दिसते, तिचा आराखडा ओटो मेलारा या इटालियन कंपनीचा, बनते हरिद्वारला भेलमध्ये. आयएनएस दीपक आणि आयएनएस शक्ती ही इंधनवाहू जहाजं फिनकान्तिएरी या जहाजबांधणी कंपनीने इटलीत बांधून २०११ मध्ये दिली. म्हणजे गाडी रुळावर होती. आणि मग एका महिन्यात नव्हे, पण दोन वर्षांत सगळं विसकटलं.

१५ फेब्रुवारी २०१२. केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे साडेवीस सागरी मैलांवर एनरिका लेक्सी हे इटालियन तेलवाहू जहाज चाललं होतं. समुद्री चाच्यांपासून रक्षणासाठी त्यावर इटलीच्या नौदलाचे सैनिक होते. सेंट अँटनी नावाच्या मच्छीमार बोटीला चाच्यांची बोट समजून त्यांनी गोळ्या झाडल्या, दोन मच्छीमार मेले. मास्सिमिलियानो लातोर्रे आणि साल्वातोरे जिरोने या दोघांना केरळ पोलिसांनी अटक केली. गुंता इथेच होता. देशाचा पूर्ण अधिकार चालतो तो बारा सागरी मैलांपर्यंत. त्यापुढच्या पाण्यात कुणाचा कायदा? मेलेली माणसं आपली, बोट आपली. झाडणारे मात्र दुसऱ्या देशाचे गणवेशातले सैनिक, सरकारी कामावर. इटली म्हणाली खटला आमच्याकडे, भारत म्हणाला आमच्याकडे.

खरी ठिणगी पडली २०१३ मध्ये. फेब्रुवारीत इटलीत निवडणूक होती. सर्वोच्च न्यायालयाने दोघांना मतदानासाठी चार आठवडे घरी जायची मुभा दिली, कारण इटलीचे राजदूत दानिएले मान्चिनी यांनी स्वतःच्या सहीचं प्रतिज्ञापत्र दिलं होतं की मी त्यांना परत आणीन. ११ मार्चला रोमने जाहीर केलं की ते परत येणार नाहीत. १४ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने राजदूतांना देश सोडायला मनाई केली. याचा अर्थ नीट समजून घे. १९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार राजदूताला अटक करता येत नाही, त्याच्यावर यजमान देशाचं न्यायालय हुकूम चालवू शकत नाही. पण हा राजदूत आपणहून न्यायालयात आला, त्याने हमी दिली, मग संरक्षण कसलं, असा न्यायालयाचा रोख होता. कायद्याच्या पुस्तकात याला आधार कितपत, यावर पंडित आजही वाद घालतात. मला विचारशील तर कागदावर सही केलेल्या माणसाला जबाबदार धरायचं, एवढा साधा हिशेब त्यात होता आणि सामान्य माणसाला तो पटला. २२ मार्चला दोघे सैनिक दिल्लीत परत आले. त्यानंतर चारच दिवसांनी इटलीचे परराष्ट्रमंत्री जुलिओ तेर्झी यांनी आपल्याच सरकारच्या निर्णयाचा निषेध करत संसदेत राजीनामा दिला. तिकडे परत पाठवलं म्हणून संताप, इकडे पाठवणार नव्हते म्हणून संताप.

खरं तर राजदूताने न्यायालयात हमी देणं हेच घडायला नको होतं. दोन सरकारांनी आपसात, बंद खोलीत सोडवायची गोष्ट न्यायाधीशांसमोर गेली की मग कुणालाच माघार घेता येत नाही. त्यातून भारतात सत्ताधारी पक्षाच्या अध्यक्षा जन्माने इटालियन, म्हणजे सरकारने नरम पाऊल टाकलं की लगेच संशय. राजनीतिज्ञांच्या हातात काही उरलंच नाही.

पुढे प्रकरण हेगच्या लवादाकडे गेलं. आजारी पडलेला लातोर्रे २०१४ मध्ये आणि जिरोने २०१६ मध्ये घरी गेला. २०२० च्या मध्यावर निकाल आला: सैनिकांना सरकारी कामाचं संरक्षण आहे, खटला इटलीच चालवेल, पण भारताला भरपाई मिळाली पाहिजे. दहा कोटी रुपये ठरले. दोन्ही कुटुंबांना चार-चार कोटी, बोटीच्या मालकाला दोन कोटी. १५ जून २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने फाइल बंद केली. नऊ वर्षं. मधल्या काळात इटलीने त्याची वसुली दुसरीकडे केली. क्षेपणास्त्र तंत्रज्ञानावर नियंत्रण ठेवणाऱ्या एमटीसीआर या गटात भारताला २०१५ मध्ये प्रवेश हवा होता. तिथे सगळ्यांची संमती लागते आणि इटलीने ती दिली नाही. जिरोने घरी पोहोचल्यावर महिनाभरात, जून २०१६ मध्ये, भारत त्या गटात गेला. हा योगायोग होता असं मानणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

दुसरं प्रकरण हेलिकॉप्टरचं. त्याबद्दल तू भरपूर ऐकलं असशील, म्हणून थोडक्यात. फेब्रुवारी २०१० मध्ये अतिमहत्त्वाच्या व्यक्तींसाठी बारा हेलिकॉप्टरांचा करार ऑगस्टावेस्टलँडशी झाला, किंमत सुमारे ३,६०० कोटी. फेब्रुवारी २०१३ मध्ये, म्हणजे सैनिकांचा तमाशा सुरू असतानाच, त्या कंपनीच्या इटालियन पालक कंपनीच्या प्रमुखाला लाच दिल्याच्या आरोपावरून इटलीतच अटक झाली. १ जानेवारी २०१४ ला भारताने करार रद्द केला. बँकेची हमी वटवायला इटलीच्या न्यायालयात जावं लागलं आणि तिथे भारताच्या बाजूने आदेश मिळाला. निर्यातीच्या कामात बँक गॅरंटीचं एखादं कलम कच्चं ठेवणाऱ्यांना मी हे उदाहरण नेहमी सांगतो: सरकारचे पैसे परत आले ते भाषणांनी नव्हे, हमीपत्रातल्या शब्दांनी. पुढे २०१८ मध्ये मिलानच्या अपील न्यायालयाने त्या प्रमुखाला निर्दोष सोडलं. आपल्याकडची केस चालूच आहे.

पण या प्रकरणाची खरी किंमत हेलिकॉप्टरांत नाही, पाण्याखाली आहे. इथे जरा थांबतो, कारण वर्तमानपत्रांनी हे कोपऱ्यात छापलं.

मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये फ्रेंच आराखड्याच्या सहा कलवरी वर्गाच्या पाणबुड्या बांधायचा करार २००५ चा. पाणबुडीचं मुख्य हत्यार म्हणजे जड टॉर्पेडो. त्यासाठी इटलीचा ब्लॅक शार्क निवडला होता, ९८ नग. तो बनवणारी कंपनी डब्ल्यूएएसएस, आणि ती हेलिकॉप्टरवाल्या त्याच समूहातली. समूहावर बंदी आली, टॉर्पेडोचा व्यवहार गेला. पहिली पाणबुडी आयएनएस कलवरी डिसेंबर २०१७ मध्ये नौदलात आली, सहावी वागशीर जानेवारी २०२५ मध्ये. म्हणजे सहाच्या सहा नव्या कोऱ्या पाणबुड्या पाण्यात उतरल्या आणि त्यांच्यासाठी निवडलेला टॉर्पेडो नव्हता. जुन्या जर्मन टॉर्पेडोंवर काम भागवलं. समूहावरची बंदी नोव्हेंबर २०२१ मध्ये अटी घालून उठली. तोवर त्या समूहाचं नावही बदलून लिओनार्दो झालं होतं. पुढे डब्ल्यूएएसएस फिनकान्तिएरीकडे गेली. डिसेंबर २०२५ च्या शेवटी संरक्षण मंत्रालयाने तिच्याशी ४८ टॉर्पेडोंचा करार केला, सुमारे १,८९६ कोटींचा, पुरवठा २०२८ पासून. पहिली पाणबुडी दाखल झाली ते साल आणि हा पुरवठा सुरू व्हायचं साल, यांत अकरा वर्षांचं अंतर आहे.

लाचखोरीला शिक्षा होऊ नये असं माझं म्हणणं नाही. पण सगळ्या समूहावर सरसकट बंदी घातली की शिक्षा कुणाला होते? विकणाऱ्याला दुसरी गिऱ्हाइकं असतात. आपल्या पाणबुडीतल्या नाविकाला दुसरा टॉर्पेडो नसतो. दंड करा, माणसांना आत टाका, पैसे वसूल करा, पण हत्याराची फाइल वेगळी ठेवा. हे म्हणायला सोपं, संसदेत बोलायला अवघड, हेही मला कळतं.

सरकारी पातळीवरचं वातावरण बदललं ते २०२१ नंतर. मार्च २०२३ मध्ये इटलीच्या पंतप्रधान मेलोनी दिल्लीत आल्या, धोरणात्मक भागीदारी जाहीर झाली. त्याच ऑक्टोबरात रोममध्ये संरक्षण सहकार्याचा करार झाला, नोव्हेंबर २०२४ मध्ये २०२५ ते २०२९ चा कृती आराखडा. इटली २०१९ मध्ये चीनच्या बेल्ट अँड रोडमध्ये गेली होती, डिसेंबर २०२३ मध्ये बाहेर पडली. याचा आपल्याशी घसटीत वाटा नक्की आहे. त्याच वर्षी दिल्लीच्या जी-२० परिषदेत भारत-मध्यपूर्व-युरोप मार्गाची घोषणा झाली, इटली त्यातली एक सहीदार. त्या मार्गाबद्दल मला लोक सारखं विचारतात. रेल्वेचे रूळ पूर्ण पडले की बघू. तोवर तुझा कंटेनर जहाजानेच जाणार.

आणि जहाजाचं सांगायचं तर लष्करी आणि व्यापारी हे दोन धागे आपल्या डोळ्यांदेखत एकत्र आले ते तांबड्या समुद्रात. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हुथी बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केले. न्हावा शेव्याहून सुएझमार्गे जाणारी जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. दहा-चौदा दिवस जास्त आणि भाडं त्याहून चढं. उद्यमबागेत महिन्याच्या अखेरीस तयार माल पडून राहिला, तो असा. फेब्रुवारी २०२४ मध्ये युरोपीय संघाने आस्पिडेस ही नौदल मोहीम काढली, त्यात इटलीचा मोठा वाटा होता आणि तिच्या विनाशिकेने मार्चमध्ये ड्रोन पाडले. आपलं नौदलही एडनच्या आखातात उभं होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये इटलीची विमानवाहू नौका काव्हूर गोव्याला आली आणि दोन्ही नौदलांनी सोबत सराव केला. इथून चोर्ला घाट उतरला की गोवा, पण बातमी आपल्याकडे कुणाच्या बोलण्यात आली नाही. खरं तर आपल्या फाउंड्रीवाल्याशी त्या सरावाचा संबंध कुठल्याही सेल्फीपेक्षा जवळचा.

आता चप्पल. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. गदारोळ झाला, कंपनीने उगम मान्य केला, जुलैमध्ये तिची माणसं कोल्हापूरला येऊन गेली. इथे आपल्या माणसांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. २०१९ पासून कोल्हापुरीला जो भौगोलिक मानांकनाचा हक्क आहे, तो महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकच्या चार जिल्ह्यांचा मिळून आहे आणि त्यात बेळगाव आहे. अथणी, निपाणी, चिकोडी, रायबागच्या घराघरांत चप्पल शिवली जाते. हिरडा आणि बाभळीच्या सालीने कमावलेलं चामडं, शिलाईही चामड्याच्या वादीने. बाजारात मात्र सगळा माल कोल्हापूरच्या नावाने जातो. सीमाप्रश्नावर दोन राज्यं कोर्टात भांडतात, पण चपलेसाठी महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर या सरकारी चर्मोद्योग महामंडळांनी एकत्र अर्ज केला होता. ११ डिसेंबर २०२५ ला मुंबईतल्या इटली-भारत व्यापार मंचाच्या वेळी प्राडाने करार केला तोही याच दोन महामंडळांशी: दोन हजार जोड, किंमत जोडीला सुमारे आठशे युरो.

यातही तोच नियम बघ. रोम आणि दिल्लीचं गूळपीठ असतानाही प्राडाने नाव टाळलंच होतं. नाव घ्यायला लावलं ते लोकांच्या ओरडीने आणि नोंदणीच्या कागदाने. मानांकनाचा कायदा परदेशात आपोआप चालत नाही, भारतातल्या नोंदणीने इटलीत कुणाला अडवता येत नाही. पण कागद होता म्हणून बोलायला कुणीतरी होतं, आणि करार कुणाशी करायचा हा प्रश्न पडला नाही. अथणीच्या कारागिराच्या हातात आठशेतले किती युरो पडतात, हे मी पावती बघितल्याशिवाय बोलणार नाही.

आता बाबांच्या चौकशीकडे. पहिली गोष्ट, इटलीशी व्यापार म्हणजे रोमशी व्यवहार नव्हे. आयात शुल्क, नियम, करार सगळं ब्रुसेल्स, म्हणजे युरोपीय संघ ठरवतो. युरोपीय संघाशी मुक्त व्यापाराची बोलणी २००७ मध्ये सुरू झाली, २०१३ मध्ये थांबली, २०२२ मध्ये पुन्हा लागली आणि २७ जानेवारी २०२६ ला पूर्ण झाल्याची घोषणा झाली. घोषणा म्हणजे अंमलबजावणी नव्हे. सही आणि युरोपीय संसदेची मंजुरी हे टप्पे असतात. कुणी दलाल "आता शुल्क शून्य" म्हणून भाव पाडून मागत असेल तर त्याला तारीख विचारा.

दुसरी गोष्ट कार्बनची, आणि पैसे इथे बुडू शकतात. १ जानेवारी २०२६ पासून पोलाद, ॲल्युमिनियम वगैरेंवर युरोपचा सीबीएएम हा कर, म्हणजे माल बनवताना निघालेल्या कार्बनवरची आकारणी, पूर्णपणे लागू झालाय. तुमचा माल सीमाशुल्काच्या वर्गवारीत कोणत्या कोडखाली (एचएस कोड) जातो त्यावर सगळं आहे. ओतीव लोखंडाच्या ७३२५ या कोडला तो सध्या नाही, पण ७३२६ ला आहे, आणि फोर्जिंग त्यातच पडतं. मशीनिंग झालेली व्हॉल्व्ह बॉडी ८४ व्या प्रकरणात जाते, तिथेही सध्या नाही. युरोपीय आयोगाने डिसेंबर २०२५ मध्ये यादी यंत्रभागांपर्यंत वाढवायचा प्रस्ताव मांडलाय, म्हणून आजपासून हिशेब ठेवा. फाउंड्रीवाला भट्टीत पिग आयर्न किती टाकतो आणि भंगार किती, हे लिहून घ्या. भंगारावर कार्बन शून्य धरतात, पिग आयर्नवर ब्लास्ट फर्नेसचा सगळा बोजा येतो. खरेदीदार वर्षाला पन्नास टनांच्या आत असा माल आयात करत असेल तर त्याला सूट आहे, तेही विचारा.

तिसरी गोष्ट उधारीची. इटालियन गिऱ्हाईक नव्वद ते एकशेवीस दिवसांची उधारी सहज मागतं आणि ते बदमाश असतं म्हणून नव्हे, तिकडे रीतच तशी आहे. ईसीजीसीकडून त्या खरेदीदाराची मर्यादा मंजूर झाल्याशिवाय कंटेनर हलवू नका. ऑगस्टमध्ये १५ तारखेच्या मागेपुढे सगळा देश बंद असतो. तेव्हा पोहोचणारा माल बंदरात पडून भाडं खातो, म्हणून जुलैच्या पहिल्या आठवड्यात उतरेल असा काढा, नाहीतर सरळ सप्टेंबरला. लाकडी पॅलेटवर उष्णता दिल्याचा शिक्का हवा, नसेल तर जेनोवातून परत. ग्रेड आणि तपासणीचा ३.१ दाखला ड्रॉइंगवर मागितला असेल तर तो फाउंड्रीकडून लेखी घ्या, तोंडी नको.

पहिल्या ईमेलमध्ये एवढंच विचारा: वर्षाला किती नग, ओबडधोबड कास्टिंग हवं की मशीनिंग करून, एचएस कोड कोणता धरताय, आणि पैसे शिपिंगच्या तारखेपासून किती दिवसांत. उत्तर आलं की बाबांना म्हणावं मला दाखवा. शनिवारी सकाळी मी उद्यमबागेतच असतो.